नाव वासुदेव बळवंतांचं, पण पत्र कुणाचं? डिजिटल सिग्नेचर तपासायला शिकवणारं एक चरित्र

पनवेलमध्ये राहणाऱ्या माणसाला वासुदेव बळवंत फडके हे नाव नवीन नसतं. शहरातल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, आणि गोवा हायवेने पेणकडे निघालं की कर्नाळ्याच्या आधी त्यांचं शिरढोण गाव लागतं. शाळेत असताना मी त्यांच्यावर पाठ केलेलं भाषणही ठोकलं होतं. पण त्यांचं चरित्र मी नीट वाचलं ते खूप नंतर, आणि तेही एका एक्सई फाइलमुळे.

टपाल नाक्याजवळ माझ्या मामेभावाचं टॅक्सच्या कामाचं छोटं ऑफिस आहे. त्याचे कॉम्प्युटर मीच सांभाळतो. २९ जुलैची संध्याकाळ, रिटर्न भरायला दोन दिवस उरलेले, आणि त्याच्या मेलवर एक फाइल आली. तो वापरतो त्याच अकाउंटिंग सॉफ्टवेअरचं नाव, तोच लोगो, अर्जंट अपडेट असा विषय. दादाने मला फोन करून विचारलं, टाकू का? मी जाऊन फाइल चालवली. स्क्रीनवर पिवळ्या पट्टीची खिडकी आली, त्यात 'पब्लिशर: अननोन' असं स्पष्ट लिहिलं होतं. मी रोज अशा दहा खिडक्या बघतो. 'येस' दाबलं. अर्ध्या तासाने एकही एक्सेल फाइल उघडेना, आणि पैसे मागणारी चिठ्ठी डेस्कटॉपवर हजर. बॅकअप होता, पण तीन आठवड्यांपूर्वीचा. त्या दोन रात्री दादा आणि वहिनी कागदांवरून आकडे परत भरत बसले होते. मला कुणी काही बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

दोष सरळ माझा होता. फाइलवर नाव कुणाचं आहे ते मी पाहिलं, पण ते नाव खरंच त्याच कंपनीने लावलंय का, हे पाहिलं नाही. नंतर वासुदेव बळवंतांबद्दल वाचताना एक गोष्ट सापडली आणि चमकलोच. १८७९ मध्ये त्यांच्या नावाची खोटी पत्रं एका मोठ्या माणसाला टपालाने पाठवली जात होती, त्याला अडकवण्यासाठी. त्या माणसाने काय केलं ते पुढे येईलच. आधी वासुदेव बळवंत कोण होते ते सांगतो, कारण डिजिटल सिग्नेचर म्हणजे काय हे मला त्यांच्या गोष्टीतून जेवढं समजलं तेवढं कुठल्या हेल्प पेजवरून समजलं नव्हतं.

शिरढोण ते पुण्यातलं टेबल

जन्म ४ नोव्हेंबर १८४५, शिरढोण. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते असं सांगितलं जातं. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला. शिरढोणच्या अंगणातून कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दिसतो. रोज उठून आपल्या घरातून गेलेला किल्ला बघायचा, हे पोराच्या मनावर काय करत असेल, कल्पना करा.

शिक्षण कल्याण, मुंबई, पुणे असं झालं. इंग्रजी आलं, आणि इंग्रजी येणाऱ्या ब्राह्मण मुलाला त्या काळात मिळायची तशी नोकरी मिळाली. आधी जीआयपी रेल्वे, मग ग्रँट मेडिकल कॉलेज, मग लष्कराचं कमिसारिएट खातं, आणि शेवटी पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून. जवळजवळ पंधरा वर्षं हा माणूस सरकारी हिशेबाच्या टेबलावर होता. शाळेच्या पुस्तकात तलवारवाला फोटो असतो म्हणून हे आपण विसरतो. कागद कुणाकडून आला, त्यावर कुणाची सही आहे, आकडा मध्येच कुणी बदललाय का, हे हिशेबाच्या कचेरीचं रोजचं काम.

त्याच कचेरीने त्यांना सगळ्यात मोठा चटका दिला. आई आजारी असल्याची बातमी आली, त्यांनी रजा मागितली, रजा वेळेवर मिळाली नाही. ते घरी पोहोचेपर्यंत आई गेलेली होती. पुढच्या वर्षी श्राद्धाला रजा मागितली, ती पण मिळाली नाही. एका अर्जावर वरच्या माणसाची सही वेळेत न पडल्यामुळे आईची शेवटची भेट हुकली.

पुण्यात ते नुसते नोकरी करत नव्हते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांची देशाच्या अर्थस्थितीवरची व्याख्यानं त्यांनी ऐकली. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांच्या स्वदेशीच्या चळवळीत होते. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी आपल्या संस्थापकांमध्ये वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांचं नाव घेते. लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत ते दांडपट्टा शिकले. दत्ताची भक्तीही जबर.

मग १८७६-७७ चा दुष्काळ आला. दख्खनमधली गावं त्यांनी वेश बदलून पायी फिरून पाहिली. माणसं मरत होती आणि सारावसुलीची यंत्रणा चालूच होती. कचेरीत बसून ज्या सरकारचे हिशेब ते जुळवत होते, त्या सरकारचा खर्च कुणाच्या ताटातून जातो ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं. शहरातले शिकलेले लोक बरोबर येईनात, तेव्हा ते रामोशी, कोळी, भिल्ल, धनगर मंडळींकडे गेले. २० फेब्रुवारी १८७९ ला पुण्याबाहेर लोणीजवळ त्यांनी बंडाची सुरुवात केली. पहिला छापा शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पडला. हाती फारसं लागलं नाही. पैसा जमवून मोठी फौज उभी करायची ही कल्पना होती आणि प्रत्यक्षात चारपाच दिवसांचा शिधा निघेल एवढीच लूट, असं सुरुवातीला चाललं होतं. एप्रिलमध्ये तर ते निराश होऊन श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. प्राण द्यायच्या विचाराने तिथे बसले आणि तिथेच त्यांनी स्वतःची हकीकत लिहून काढली. ही वही लक्षात ठेवा.

'दुसरा शिवाजी' ही सही

आता आमच्या पनवेलची गोष्ट. १० आणि ११ मे १८७९ ला त्यांचे साथीदार दौलतराव नाईक कोकणात उतरले आणि त्यांनी पळस्पे आणि चिखली इथे छापे घातले. पळस्पे म्हणजे आज जिथे गोवा हायवे आणि पुणे रस्ता फुटतो, जिथे आपण एसटीची वाट बघत वडापाव खातो, तेच. दीडेक लाखाची लूट मिळाली असं सांगतात. घाटमाथ्याकडे परतताना तुळशी खिंडीत मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठलं आणि दौलतराव गोळी लागून पडले. वासुदेव बळवंत स्वतः पळस्प्याला नव्हते. तरी छापा त्यांच्या नावावर लागला, आणि इथे ते बरोबरच होतं, कारण माणूस त्यांनी पाठवलेला होता. सॉफ्टवेअरमध्येही असंच असतं. सही कंपनीची असते, प्रत्यक्ष फाइल बनवणारा कुणी वेगळाच इंजिनीअर असतो. सही करणारा जबाबदारी घेतो.

त्याच सुमाराला सरकारला जाहीरनामे आणि धमकीची पत्रं जाऊ लागली. काँग्रेसचे संस्थापक ह्यूम यांचं जे चरित्र वेडरबर्न यांनी १९१३ मध्ये छापलं, त्यात उल्लेख आहे की स्वतःला दुसरा शिवाजी म्हणवणाऱ्या एका पुढाऱ्याने मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या डोक्यावर ५०० रुपयांचं बक्षीस लावलं होतं. गंमत बघा, तिथे वासुदेव बळवंतांचं नाव नाही. दुसरा शिवाजी म्हणजे तेच, असं आपण सगळे संदर्भावरून धरतो. सरकारच्या टेबलावर मात्र फक्त एक कागद होता आणि त्यावर एक नाव.

नाव काय, कुणीही लिहू शकतो. पहिल्या शिवाजी महाराजांना हे पक्कं माहीत होतं. त्यांच्या पत्राच्या माथ्यावर अष्टकोनी राजमुद्रा असायची आणि मजकूर संपला की खाली दुसरा छोटा शिक्का, मोर्तब. वरचा शिक्का सांगायचा पत्र कुणाचं आहे. खालचं मोर्तब सांगायचं की मजकूर इथे संपला, याच्या पुढे ओळ घुसवाल तर ती आमची नाही. आपण रोजच्या बोलण्यात शिक्कामोर्तब म्हणतो ते इथूनच आलं. डिजिटल सिग्नेचर हेच दोन्ही काम एका झटक्यात करते. आता ती कशी करते, ते बघू.

कंपनीने एक सेटअप फाइल तयार केली. त्या पूर्ण फाइलवरून गणिताने एक छोटा ठसा काढला जातो, त्याला हॅश म्हणतात. शा-२५६ ही पद्धत आज सगळ्यात जास्त वापरली जाते. फाइल दोन केबीची असो की दोन जीबीची, ठसा नेहमी ६४ अक्षरांचाच येतो. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. हे झालं मोर्तब. मग कंपनी स्वतःजवळच्या गुप्त किल्लीने, म्हणजे प्रायव्हेट कीने, त्या ठशावर सही करते. त्या किल्लीची जोडीदार पब्लिक की जगजाहीर असते. तुमचा कॉम्प्युटर फाइलचा ठसा स्वतः नव्याने काढतो, पब्लिक कीने सही तपासतो, आणि दोन्ही जुळले तरच सही खरी मानतो. हा झाला शिक्का. फरक एवढाच की लाकडाचा किंवा पितळेचा शिक्का बघून दुसरा कोरता येतो. इथे सही कितीही वेळा बघितली तरी तिच्यावरून किल्ली बनवता येत नाही.

दादाच्या ऑफिसात आलेल्या फाइलवर लोगो होता, नाव होतं, व्हर्जन नंबरसुद्धा होता. हे सगळं दुसरा शिवाजी लिहिण्यासारखं. शिक्का नव्हता आणि मोर्तब नव्हतं.

पुण्यातली आग

पळस्प्याच्या छाप्यानंतर दोनच दिवसांनी, १३ मे १८७९ च्या रात्री पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. बुधवार वाडा गेलाच, विश्रामबागचा काही भाग जळाला. दोन्ही पेशव्यांचे वाडे, त्यांत आता सरकारी कचेऱ्या आणि शाळा. शहरात आणि साहेबांच्या बंगल्यांत एकच नाव घेतलं गेलं, वासुदेव बळवंत. धमकीची पत्रं ताजी होती, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही.

तपासात निघालं भलतंच. सरकारी बुक डेपोतल्याच एका कर्मचाऱ्याला या आगीबद्दल शिक्षा झाली. फडक्यांचा त्या आगीशी संबंध नव्हता. पण तोवर संशयाने आपलं काम केलेलं होतं.

मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. आपण सही तपासतो ती फक्त व्हायरसपासून वाचायला, असं आपल्याला वाटतं. दुसरी बाजूही आहे. एखाद्या छोट्या मराठी डेव्हलपरच्या नावाने कुणी खोटं अ‍ॅप सोडलं तर लोक शिव्या त्या डेव्हलपरला देतात. त्याने आपल्या प्रत्येक फाइलवर सही केलेली असेल, तर तो दाखवू शकतो की माझ्या खऱ्या फाइलवर माझी सही आहे आणि या फाइलवर नाही. १८७९ मध्ये वासुदेव बळवंतांकडे असं दाखवायला काहीच नव्हतं. आणि ते जंगलात होते.

धुळ्याला आलेली पत्रं

संशयाची झळ सगळ्यात जास्त बसली न्यायमूर्ती रानड्यांना. ते सरकारी न्यायाधीश, पण पुण्यातल्या सगळ्या चळवळींच्या मागे त्यांचं डोकं आहे असं साहेबांना वाटायचं, आणि फडके त्यांची व्याख्यानं ऐकणारे. आगीनंतर लगेच रानड्यांची तातडीने धुळ्याला बदली झाली. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात तिथला प्रकार आहे. घरी येणारं टपाल आधी कुणीतरी पाहत होतं. आणि मग पत्रं येऊ लागली, वासुदेव बळवंत आणि त्यांच्या साथीदारांच्या नावाची, बंडाच्या बातम्या सांगणारी.

जरा त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पत्र ठेवून घेतलं तर बंडखोराशी पत्रव्यवहार. फाडून टाकलं तर पुरावा नष्ट केला. उत्तर दिलं तर संपलंच. आणि समजा पत्र खरंच फडक्यांचं असेल तर? ज्या तरुणाने आपली व्याख्यानं ऐकली, तो रानात उपाशी फिरतोय आणि मदत मागतोय, असंही असू शकत होतं.

रानड्यांनी अक्षर ओळखीचं आहे का यावर वेळ घालवला नाही. ते पत्र पाकिटासकट पोलिसांकडे पाठवून द्यायचे. पाकिटासकट, हे महत्त्वाचं, कारण पत्र कुठून निघालं याचा शिक्का पाकिटावर असतो. काही महिन्यांनी तिथल्या एका इंग्रज अधिकाऱ्यानेच त्यांच्याकडे कबूल केलं की सरकारला त्यांचा संशय होता आणि तो आता फिटला आहे.

आजच्या भाषेत याला फिशिंग म्हणतात. रानड्यांचा नियम मी आता दादाच्या ऑफिसात भिंतीवर लावलाय, अर्थात आपल्या शब्दांत. मेलवर आलेली फाइल चालवायची नाही. मेल तसाच ठेवायचा, डिलीट करायचा नाही, आणि मला कळवायचं. मग मी जे करतो ते तुम्हीही करू शकता.

विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. वर 'डिजिटल सिग्नेचर्स' नावाचा टॅब दिसतो का बघा. टॅबच नसेल तर त्या फाइलला तिथे दाखवण्यासारखी सही नाही, विषय संपला, अपडेट कंपनीच्या साइटवरूनच घ्या. टॅब असेल तरी लगेच खूश होऊ नका. बरेच जण इथेच थांबतात, मीसुद्धा थांबायचो. यादीतलं नाव निवडून 'डिटेल्स' दाबा, कारण फाइल सहीनंतर बदललेली असली तरी टॅब दिसतच राहतो. सही ठीक आहे की नाही हे फक्त 'डिटेल्स'च्या खिडकीत कळतं. तिथे सही करणाऱ्याचं नाव एकेक अक्षर वाचा. ओळखीच्या कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे करून, किंवा मिळतंजुळतं नाव घेऊन दुसऱ्या कुणी रीतसर सही केलेली असू शकते. तारीखही तिथेच असते. सर्टिफिकेटची मुदत संपलेली असली आणि सही मुदतीत असतानाची आहे असा वेळेचा शिक्का असला, तर ती सही चालते.

फाइल चालवताना येणारी खिडकीही हेच सांगते. निळी पट्टी आणि 'व्हेरिफाइड पब्लिशर' म्हणजे सही जुळली. पिवळी पट्टी आणि 'अननोन' म्हणजे मी त्या दिवशी केलं ते करू नका.

मोबाइलचं गणित थोडं वेगळं आहे. अँड्रॉइडच्या प्रत्येक एपीकेवर सही असतेच, पण ती डेव्हलपरने स्वतःच बनवलेल्या किल्लीची चालते, तिची कुणी हमी घेतलेली नसते. फोन फक्त एवढं बघतो की आधी बसवलेल्या अ‍ॅपची आणि अपडेटची किल्ली एकच आहे का. वेगळी असेल तर अपडेट बसत नाही. म्हणजे जुन्या ओळखीचं अक्षर फोन ओळखतो, पण अनोळखी माणूस पहिल्यांदाच दारात आला तर त्याला काही कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ई-चलानच्या नावाने एपीके फिरतात त्या याच फटीतून आत येतात.

ओळख कोण पटवणार?

इथे एक प्रश्न उरतो आणि तो चांगल्या चांगल्यांना अडतो. पब्लिक की जगजाहीर आहे हे ठीक, पण ती त्याच कंपनीची आहे हे कोण सांगतं? कुणीतरी तिसरा लागतो, ज्याच्यावर दोघांचा विश्वास आहे. याला सर्टिफाइंग ऑथॉरिटी म्हणतात. ती कंपनीची कागदपत्रं तपासते आणि ही किल्ली यांचीच असं सर्टिफिकेट देते. त्या ऑथॉरिटीची हमी तिच्या वरची देते, आणि साखळी एका मूळ सर्टिफिकेटपाशी थांबते, जे विंडोजने आधीच विश्वासू म्हणून ठेवलेलं असतं. भारतात २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने कागदपत्रांवरच्या डिजिटल सहीला मान्यता दिली, आणि अशा ऑथॉरिटींना परवाना देणारा कंट्रोलर नेमला. दादाच्या ड्रॉवरमध्ये क्लायंट लोकांचे जे यूएसबी टोकन पडलेले असतात, ज्यांना सगळे डीएससी म्हणतात, ते याच व्यवस्थेतले. मात्र त्या टोकनने सॉफ्टवेअरवर सही करायची नसते, त्यासाठी कोड सायनिंगचं वेगळं सर्टिफिकेट लागतं.

ई-आधारच्या पीडीएफवर येणारं पिवळं प्रश्नचिन्ह बऱ्याच जणांना घाबरवतं. त्याचा अर्थ आधार खोटं असा नाही. तुमच्या पीडीएफ रीडरला भारताचं मूळ सर्टिफिकेट ओळखीचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. सहीवर राइट क्लिक करून सर्टिफिकेट तपासलं आणि विश्वासू यादीत घातलं की हिरवी खूण येते. पण यादीत घालण्याआधी ते सर्टिफिकेट कुणाचं आहे हे वाचायचं.

आणि सही खरी निघाली म्हणजे माल चांगलाच, असं समजायचं नाही. २०१० मध्ये सापडलेल्या स्टक्सनेट या व्हायरसच्या काही भागांवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी केलेल्या सह्या होत्या. २०१७ मध्ये सीसीक्लीनरच्या ५.३३ व्हर्जनमध्ये कुणीतरी कंपनीच्याच यंत्रणेत घुसून घाण मिसळली, आणि कंपनीने अजाणता त्यावर आपली खरी सही करून ती जगभर वाटली. तपासणारे सगळे पास म्हणाले. अशा वेळी अँटिव्हायरस आणि बॅकअप हेच कामाला येतात. बॅकअप तर रोजचा, तीन आठवड्यांपूर्वीचा नाही.

वहीतलं अक्षर

वासुदेव बळवंतांच्या बाबतीत ओळख पटवायला ऑथॉरिटी लागली नाही. तुळशी खिंडीनंतर ते दक्षिणेकडे सरकले, गाणगापूरला पोहोचले, तिथे रोहिल्यांची फौज उभी करायची बोलणी चालली होती. मेजर डॅनियल मागावर होताच. जुलै १८७९ मध्ये, तापाने फणफणलेले असताना, तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यात म्हणजे आजच्या विजयपुरा जिल्ह्यात देवर नावदगी गावी ते झोपेत पकडले गेले.

त्यांच्या हातची रोजनिशी आणि श्रीशैलला लिहिलेली हकीकत सरकारला मिळाली. पुण्यात खटला चालला. वकीलपत्र सार्वजनिक काकांनी घेतलं, ही त्या वातावरणात सोपी गोष्ट नव्हती. पण पुराव्यात सगळ्यात वजनदार होतं ते आरोपीचंच लिखाण. कुठे छापा घातला, किती मिळालं, मनात काय होतं, सगळं त्यांनी स्वतः लिहिलेलं. पंधरा वर्षं हिशेबाच्या कचेरीत काढलेल्या माणसाने बंडाचाही हिशेब ठेवला होता.

डिजिटल सहीचा एक गुण पुस्तकात शेवटी एका ओळीत असतो, की सही करणाऱ्याला नंतर ती आपली नाही असं म्हणता येत नाही. मला तो कोरडा नियम वाटायचा. सेशन्स कोर्टात त्या वह्या पुढे ठेवल्या गेल्या तेव्हा त्याचा अर्थ काय असेल, याचा मी बराच विचार केला. दुसरा शिवाजी ही सही नाकारता आली असती. पुण्याची आग तर त्यांची नव्हतीच, आणि धुळ्याच्या पत्रांचं खोटेपण कुणीही सांगितलं असतं. ही वही त्यांचीच होती.

नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आधी ठाण्याचा तुरुंग, मग जानेवारी १८८० मध्ये बोटीने एडन. अंदमानला न्यायचं सोडून अरबस्तानच्या टोकाला नेलं, कारण तिथे ओळखीचा माणूस भेटायची शक्यता नव्हती. ऑक्टोबर १८८० मध्ये त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडलं आणि पळाले. वाळवंटात फार लांब जाता आलं नाही, पकडून परत आणलं. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच गेले. वय सदतीस.

दादाच्या ऑफिसातली ती फाइल मी एका जुन्या पेनड्राइव्हवर ठेवून दिली आहे, नेट नसलेल्या लॅपटॉपवर दाखवायला. कुणी शिकायला आलं की मी 'प्रॉपर्टीज' उघडतो. लोगो दिसतो, कंपनीचं नाव दिसतं, कॉपीराइटची ओळसुद्धा आहे. 'डिजिटल सिग्नेचर्स'चा टॅब मात्र नाही. तुमच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये ज्या सेटअप फाइल पडल्या आहेत त्यांतल्या दोनचार आत्ता उघडून बघा, आणि कुठे नाव विचित्र दिसलं तर खाली कमेंटमध्ये विचारा.